‘बोर्ड’ : एका फळीची कथा

इंग्रजी भाषेंतील ‘बोर्ड’ हा शब्द मूळचा लाकडी फळीचा. जुन्या काळीं इंग्लंडांत घडवंचीवर फळी टाकली, कीं तेंच जेवणाचें मेज होई. म्हणून बोर्ड म्हणजे भोजन. आणि पैसे देऊन जेथें जेवण व निवारा मिळे, तें बोर्डिंग. त्याच मेजाभोंवतीं मसलत चाले, म्हणून कारभारी मंडळहि बोर्डच झालें.

हा शेवटचा अर्थ हिंदुस्थानास फार भोंवला. १७८४ च्या कायद्यानें कंपनीच्या हिंदुस्थानांतील कारभारावर देखरेख ठेवण्यासाठीं लंडनमध्यें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमण्यांत आलें. प्रारंभीं त्यांत सहा सभासद असत. १८५८ पर्यंत तें टिकलें. परंतु त्या मेजाशीं एकाहि हिंदी मनुष्यास आसन मिळालें नाहीं. मुंबईंत १८४० सालीं स्थापन झालेल्या शिक्षण-बोर्डांत मात्र जगन्नाथ शंकरशेट बसले, आणि देशी भाषांतून शिक्षण देण्याचा पक्ष त्यांनीं तेथें नेटानें मांडला.

आज मराठी मुलें वर्गांतील काळ्या फळ्यासहि बोर्डच म्हणतात. त्या फळ्यावर कोणत्या भाषेंत लिहावें, हाच तर शंकरशेटांच्या बोर्डांतील वाद होता.