खजुराच्या आरोळीतलं नाव

कैरोचा ऑपेरा म्हटलं की लोक व्हर्डीचा ‘आयडा’ सांगतात. पण 1871 चा तो खेळ खेदिवाच्या हौसेचा, संगीतकार इटलीचा. रस्त्यावरच्या इजिप्तचं गाणं रंगमंचावर चढवलं ते सय्यद दरविशने. जन्म 1892, अलेक्झांड्रिया, घरची गरिबी. बांधकामावर काम करताना गायचा. शेजारच्या कॅफेत बसलेल्या नाटकवाल्या भावांनी ते ऐकलं आणि त्याला थेट सीरियाच्या दौऱ्यावर नेलं!

पुढे कैरोत त्याने संगीत नाटकं केली. हमाल, पखालवाले, नावाडी आपल्याच बोलीत त्यात गायला लागले.

मला हा माणूस आवडतो तो 1919 मुळे. इंग्रजांनी साद झगलूल यांना माल्टाला हद्दपार केलं, देश पेटला. पुढाऱ्याचं नाव घ्यायचीही चोरी. तिकडे ‘झगलूल’ जातीचा लाल खजूर मिळतो. दरविशने खजूरवालीच्या आरोळीचंच गाणं केलं, नईमा अल-मसरिया गायली. आता खजुरावर गुन्हा कसा नोंदवणार, सांगा!

सप्टेंबर 1923 मध्ये तो गेला, अवघ्या 31 व्या वर्षी. त्याच महिन्यात झगलूल परतले आणि सगळं अलेक्झांड्रिया त्यांच्या स्वागताला लोटलं. दरविशची ‘बिलादी’ची चाल राष्ट्रगीत व्हायला 1979 उजाडलं.