सतराव्या खंडाशी थांबा

सन १७६९ चा हिवाळा. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या डेंगझोऊ गावी तुम्ही पोचला आहात. समुद्रावरचं वारं हाडांत शिरतंय. वडिलांची बदली झाली म्हणून बीजिंगहून इथे आलेल्या चेन कुटुंबाच्या घरात एक दिवा अजून जळतोय. आत जा. कागदावर वाकलेली मुलगी जेमतेम अठरा वर्षांची आहे. चेन दुआनशेंग तिचं नाव.

आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या आणि शेवटी मुलाच्या आज्ञेत राहायचं, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेची बायकांना शिकवण. तिचे आजोबा चेन झाओलुन मात्र वेगळे. मुलींना शिकवावं, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. नात लिहितेय ती 'तानत्सी', म्हणजे लांबलचक पद्यकथा. अशा कथा बायका एकमेकींना हस्तलिखितातून वाचायला देतात. हिचं नाव 'झायशेंगयुआन'.

तिच्या खांद्यावरून वाचा. नायिका मेंग लीजुन जबरीचं लग्न टाळायला पुरुषवेशात पळून जाते, राजपरीक्षेत पहिली येते आणि चढत चढत महामंत्री होते. आता दरबारात बापाचं पद तिच्याहून खालचं. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो हुआंगफू शाओहुआ तिचा शिष्य, कारण त्याची परीक्षा तिनेच घेतली. तो ओळखतो, विनवतो. ती ताकास तूर लागू देत नाही. सख्ख्या बापालाही भर दरबारात खोटं पाडते! हे लिहिणारी मुलगी वरमली असेल म्हणून तिच्याकडे बघाल, तर शेजारी आई हसताना दिसेल. वर चार गोष्टी सुचवतेसुद्धा.

दीड वर्षात सोळा खंड झाले. १७७० मध्ये आई गेली आणि लेखन थांबलं.

आता १७८४ मध्ये या. लग्न झालंय, मुलं आहेत. नवरा फान तान परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या प्रकरणात सापडून १७८० मध्ये शिनजियांगला हद्दपार झालाय. (तिची नायिका परीक्षा जिंकून वर गेली आणि तिचा नवरा परीक्षेपायी देशोधडीला लागला. कथेत हे कुणी खपवून घेतलं नसतं.) इकडे हस्तलिखिताच्या नकला झेजियांगभर फिरतायत, लोक पुढचं मागतायत. सतराव्या एका खंडाला जवळजवळ वर्ष लागतं. त्यात राजमाता महामंत्र्याला दारू पाजते, दासी बूट उतरवतात आणि आत बायकांची बांधलेली पावलं निघतात आणि ती बाई असल्याचं उघड होतं. बादशहाला ती अंतःपुरात हवी आहे. तो तीन दिवसांची मुदत देतो. मेंग लीजुन रक्त ओकते.

इथेच दुआनशेंगने लेखणी ठेवली. १७९६ च्या सुमारास ती वारली, तोवर तिने कथा पुढे नेली नाही. तिला शेवट सुचला नाही, हे मला पटत नाही. त्या समाजात जो शेवट शक्य होता, तो तिला लिहायचाच नव्हता.

तो लिहिला लियांग देशेंग या कवयित्रीने. तिने तीन खंड जोडले. त्यात महामंत्री पुन्हा बाईचा वेश घेते आणि शाओहुआच्या तीन बायकांपैकी एक होते. १८२० च्या दशकात छापलं गेलं ते हेच वीस खंडांचं पुस्तक. पुढे दृष्टी गमावलेले इतिहासकार चेन यिनके यांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि १९५४ मध्ये दुआनशेंगच्या स्वतंत्र बुद्धीवर प्रबंध लिहिला.

तुमच्या हाती ते कधी आलं, तर सतरावा खंड संपला की पुस्तक मिटा. पुढचं तिचं नाही.