प्रोग्रामरांची छोटी संमेलनं : सभागृह उसनं, व्यासपीठ स्वतःचं

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पालीच्या तिठ्यावरून एक रस्ता मुंबईकडे, एक गोव्याकडे, एक कोल्हापूरकडे. आपल्याकडची कॉम्प्युटर शिकलेली पोरं यातल्याच कुठल्या तरी रस्त्याने जातात आणि गणपती-शिमग्याला परत येतात. लॉकडाऊननंतर काही जण घरूनच काम करू लागले. त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॉन्फरन्स सगळ्या पुण्या-बंगळुरूलाच का? आपल्या रत्नागिरीत, पालीत एखादी का नाही? आणि कुणीतरी लगेच म्हणतं, 'एवढा मोठा प्रायोजक कोण आणणार?'

हे उत्तर मला पटत नाही. या संमेलनांचा इतिहास बघितला तर तो प्रायोजकापासून सुरू होतच नाही.

१९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास आयबीएम ७०४ हे नवं यंत्र घेणाऱ्या कंपन्या होत्या. यंत्र अवाढव्य, पण त्यावर चालवायचे प्रोग्राम प्रत्येकाने आपले आपण लिहायचे. म्हणजे तेच काम दहा ठिकाणी दहा वेळा. शेवटी ही मंडळी एकत्र बसली आणि 'शेअर' नावाचा वापरकर्त्यांचा गट उभा राहिला. यात विमानं बनवणाऱ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसंही होती. धंद्यात वैर, पण प्रोग्रामची देवाणघेवाण सुरू. आपल्याकडे १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी संगणक उभा करणाऱ्या चमूचे प्रमुख. तिथेही सुरुवात संगणक वापरणाऱ्या मूठभर लोकांपासूनच झाली.

पुढे धंदा वाढला तशा कॉन्फरन्सही महागल्या. १९९७ मध्ये ओरायली या प्रकाशन कंपनीने पर्ल भाषेची मोठी परिषद सुरू केली. ती चांगली होती, पण शुल्क आणि हॉटेलचा खर्च कंपनीने उचलला तरच जमावं असा. विद्यार्थ्याने काय करायचं? १९९९ मध्ये केव्हिन लेंझो यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्वस्तातलं संमेलन भरवलं. नावच ठेवलं 'येट अनदर पर्ल कॉन्फरन्स', म्हणजे 'पर्लची आणखी एक परिषद'! त्या थट्टेच्या नावाखाली पुढे कितीतरी देशांत संमेलनं झाली. २००३ ची पहिली पायकॉनही वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठातच भरली. विद्यापीठात खोल्या असतात, फळे असतात, शनिवार-रविवारी ते रिकामं असतं. या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी देणगी मला ही वाटते : सुट्टीच्या दिवशी उघडून दिलेला वर्ग.

२००५ चा बारकॅम्पचा किस्सा तर आणखी मजेदार. त्याच ओरायलीचं 'फू कॅम्प' फक्त निमंत्रितांसाठी असायचं. ज्यांना निमंत्रण नव्हतं त्यांनी आठवड्याभराच्या आत पालो आल्टोमध्ये आपला मेळावा उभा केला. कार्यक्रमपत्रिका आधी छापलेली नाही. ज्याला बोलायचंय त्याने सकाळी फळ्यावर नाव लिहायचं.

भारतातली पहिली पायकॉन सप्टेंबर २००९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाली. ती उभी केली स्वयंसेवकांनी, नोकऱ्या सांभाळून. बीजभाषण आयआयटी मुंबईचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांचं होतं. २०११ मध्ये ती पुण्यात सिम्बायोसिसला आली आणि पायथॉनच्या गाभ्यावर काम करणारे रेमंड हेटिंगर तिथे बोलले. सिम्बायोसिसच्याच संगणक संस्थेत वर्षानुवर्षं 'ग्नुनिफाय' भरायचं, पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या साथीने, आणि राबणारे हात विद्यार्थ्यांचे. २०१७ ची पायकॉन पुणे मला विशेष वाटते. परदेशी वक्त्यांच्या रांगेत बेळगावचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रवीण पाटील मुख्य वक्ते होते. स्वस्त उपकरणं आणि पायथॉन वापरून कॉलेजात प्रयोग कसे करायचे, हे त्यांचं काम. बेळगाव काही आयटीची राजधानी नाही. काम पक्कं असलं की गाव कुणी विचारत नाही.

आणि संमेलन भरवणं आपल्याला नवीन आहे का? न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पहिली ग्रंथकार सभा भरवली १८७८ मध्ये. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्या सभेत बहुजनांच्या हक्काची दखल नाही तिच्याशी आपलं जमणार नाही, असा त्यांचा रोख होता. सभा कुणाची, हा प्रश्न मराठीत तेव्हापासून आहे.

आपल्याकडे आज तो जरा वेगळ्या रूपात येतो. कार्यक्रम ठरला की आधी बॅनर, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक. कामाचं बोलणारा उभा राहीपर्यंत साडेबारा आणि सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे. चांगल्या स्वतंत्र संमेलनांनी एक नियम पाळला : प्रायोजकाचं नाव फलकावर लावा, त्याला टेबल मांडू द्या, पण भाषणाची वेळ विकायची नाही. भाषणांचे प्रस्ताव सगळ्यांकडून मागवायचे, आणि काही ठिकाणी तर निवडताना नावं झाकून ठेवायची. सत्काराची वेळही विकू नये, एवढी एक ओळ आपण त्यात घालायला हवी.

बाकी हिशोब फार मोठा नाही. पन्नास-साठ माणसं, एक दिवस. रत्नागिरीत इंजिनीअरिंग कॉलेज आहे, पॉलिटेक्निक आहे, पालीच्या पंचक्रोशीत शाळांची सभागृहं आहेत. खरा खर्च तीनच गोष्टींचा : जेवण, इंटरनेट आणि बाहेरच्या एक-दोन वक्त्यांचं येणं-जाणं. विद्यार्थ्यांना शंभर रुपये, नोकरदारांना पाचशे ठेवले तर जेवण सुटतं. दर वर्षी नमन-दशावताराची वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशोब देवळात वाचून दाखवणाऱ्या गावांना यात अवघड काय आहे? तारीख मात्र जपून. गणपतीत पोरं गावात असतात, पण एकही मोकळा नसतो. एप्रिल-मेमध्ये सगळे आंब्यात. पावसात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. राहता राहिले डिसेंबर-जानेवारी.

तर कुणाच्या ओळखीत एखादं सभागृह असेल, जनरेटर असलेलं, आणि जानेवारीतला एखादा शनिवार ते फुकट किंवा नाममात्र भाड्याने देणार असतील, तर खाली सांगा. प्रोजेक्टरचं आम्ही बघतो.