पवित्र अवशेष : कपाटात की विहारात?



१८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रजांनी सांची परिसरातले स्तूप खोदले. सारिपुत्त व महामोग्गलान या अग्रश्रावकांच्या अस्थी निघाल्या. त्या लंडनच्या म्युझियममध्ये गेल्या. महाबोधी सोसायटीने मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १९४७ मध्ये त्या परत मिळाल्या आणि १९५२ साली सांचीच्या विहारात विराजमान झाल्या.

१८९८ साली पिप्रहवाच्या स्तूपात अस्थींबरोबर रत्ने सापडली. त्यातली काही पेपे या इंग्रज जमीनदाराच्या घराण्याकडे राहिली. २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला! भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला, रत्ने मायदेशी आली. पण कशी? गोदरेज समूहाने विकत घेतली म्हणून. श्रद्धेने वाहिलेल्या दानाचीही किंमत मोजावी लागली.

आणि आपल्या जवळ काय? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खोदला. त्यातला करंडक आणि बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. पालीहून जाऊन गिरण्यांत राबलेल्या आपल्या किती माणसांना हे ठाऊक आहे?

सोसायटीने ते जपले, त्याचे उपकार मानू. पण जपणारा म्हणजे मालक नव्हे. वस्तू देशात आली म्हणजे परत आली असे नाही, ती वंदनेला मिळाली पाहिजे. त्यासाठी आधी आपण मागायला शिकू या.

जयभीम! नमो बुद्धाय!