उमेश नसताना कोण?

आमच्या राजूरला, म्हणजे वणीजवळच्या राजूर कॉलरीला, 'बदली' या शब्दाचा एक खास अर्थ आहे. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी खाणीत उतरतो तो बदली. कोळसा तोच, अंधार तोच, धोकाही तोच. फक्त जागा दुसऱ्याची. तो परत आला की बदलीवाला पुन्हा वाट बघत बसतो.

क्रिकेट बघताना मला हा शब्द नेहमी आठवतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाचरांकडून ऐकतो की तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारा मुख्य गडी जखमी झाला तर मागे कोण, यावर मोसम सुरू व्हायच्या आधीच खल चालतो. आपल्याकडे मात्र अकरा जणांची नावं तोंडपाठ असतात आणि बाराव्याचं नाव कोणी विचारत नाही. म्हणून आज बाराव्याची गोष्ट. विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदाची!

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. साठ वर्षं हा संघ कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. त्यातून उमेश यादव निघाला. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, २०११ मध्ये कसोटी खेळला. आम्हा कॉलरीवाल्यांना तर तो घरचाच वाटायचा. पण गंमत बघा, इतका चांगला बॉलर मिळाला की तो तुमचा राहत नाही, देशाचा होतो. ज्या मोसमात सर्वात जास्त गरज, त्याच मोसमात तो बाहेर! मग त्याच्या जागी कोण, हा प्रश्न विदर्भाला सतत सोडवावा लागला.

२०१७-१८ चा मोसम. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कप्तान फैज फझल. कोलकात्याला सेमीफायनल कर्नाटकाशी. या सामन्यात उमेश होता. पण सामना फिरवला रजनीश गुरबानीनं, सिव्हिल इंजिनिअर झालेल्या पोरानं. पहिल्या डावात पाच, दुसऱ्यात ६८ धावांत सात. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या, ते १९२ वर संपले. पाच धावांनी विजय! म्हणजे मुख्य माणूस शेजारी असतानाच दुसरा त्याच्या तोडीचं काम करून दाखवत होता. माझ्या मते पर्यायाची खरी पारख इथेच होते. जागा रिकामी झाल्यावर शोधाशोध करायची नसते, जागा भरलेली असतानाच बघून ठेवायचं असतं.

कारण पुढच्याच सामन्यात ती जागा रिकामी झाली. उमेश दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला आणि २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल सुरू झाली. उमेश नाही म्हटल्यावर गुरबानी एक पायरी वर सरकला, मुख्य बॉलर झाला. आणि खालच्या पायरीवर आला आदित्य ठाकरे, वय वर्षं एकोणीस. पहिलाच प्रथम श्रेणी सामना आणि तो थेट रणजीची फायनल! पोरानं पहिल्या डावात दोन बळी घेतले. गुरबानीनं ५९ धावांत सहा, त्यात हॅटट्रिक. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शतक ठोकून उभा असलेला ध्रुव शोरी, तिघंही बोल्ड. रणजी फायनलमधली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ ची. मग अक्षय वाडकरनं आपलं पहिलं प्रथम श्रेणी शतक काढलं, १३३. विदर्भ ५४७. शेवटी नऊ गडी राखून विजय.

मला यातून एक गोष्ट कळली. उमेशच्या जागी दुसरा उमेश कोणीच आणला नाही. तो मिळतही नाही. एक माणूस गेला की त्याचं ओझं दोघा-तिघांत वाटून घ्यावं लागतं, आणि ते वाटून घेण्याची सवय आधीपासून असावी लागते.

नशीब म्हणावं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फेब्रुवारी २०१९ च्या इराणी करंडकात उमेशही नाही आणि वसीम जाफरही नाही. तेव्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार उभा राहिला. हा गडी दोन्ही हातांनी बॉलिंग टाकतो, म्हणजे एकाच माणसात दोन पर्याय :) पण त्या दिवशी त्यानं बॅटनं १०२ काढल्या. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडेच राहिला.

आणि २०२४-२५? डावखुरा स्पिनर आदित्य सरवटे केरळकडे गेला. त्याच्या माघारी हर्ष दुबेनं मोसमात ६९ बळी घेतले, रणजीतला विक्रम! नागपूरच्या फायनलमध्ये समोर केरळच, आणि त्यांच्याकडून सरवटेही. पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी आणि तिसरं विजेतेपद. कप्तान कोण? इंदूरला पहिलं शतक काढणारा तोच वाडकर.

असो. या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त टोचते. आदित्य ठाकरेसारख्या पोराला फायनल मिळाली ती दुसरा कोणी विमानात बसला म्हणून. किती गुणी पोरं अशी असतील ज्यांच्या पुढचा माणूस कधी विमानात बसलाच नाही? ती नेटमध्ये बॉल टाकत राहिली, पाणी नेत राहिली आणि तिशीत नोकरीला लागली. त्यांची नावं स्कोअरकार्डवर सापडत नाहीत. बदलीवाल्याचं दुःख काम करावं लागण्याचं नसतं, ते बोलावणं न येण्याचं असतं.

म्हणून संघ निवडताना पर्याय शोधणाऱ्यांनी एवढं करावं. त्याला 'तू राखीव आहेस' एवढंच सांगून सोडू नये. मधूनमधून खाणीत उतरवत राहावं.