हरिणी, पाडस आणि फास

गझनीच्या सबुक्तगीनची गोष्ट उर्दू शाळांतल्या पुष्कळ मुलांना ठाऊक असते. गरिबीच्या दिवसांत तो शिकारीला गेला. हरिणीचे पाडस हाती लागले. ते घेऊन निघाला तशी हरिणी व्याकूळ होऊन मागे मागे येऊ लागली. त्याला दया आली, त्याने पाडस सोडले. रात्री स्वप्नात त्याला बादशाहीची खूशखबर मिळाली. अकराव्या शतकातल्या बैहकी या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. सबुक्तगीनने ९७७ ते ९९७ या काळात गझनीवर राज्य केले, एवढे इतिहासाला मान्य आहे. स्वप्नाचे अल्लाह जाणे.

गोष्ट चांगलीच आहे. पण आम्ही सातारा-सांगलीकडची माणसे. आमच्या मातीतली अशीच गोष्ट आम्ही मुलांना सांगतो का?

माण, खटाव, आटपाडी, जत हा कमी पावसाचा, उघड्या माळांचा मुलूख. काळवीट अशाच माळावर राहते, आणि काळविटामागे फासेपारधी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यांनी नोंदवले आहे की, फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. फाशात जनावर जिवंत सापडते, म्हणून निवड करता येते. बंदुकीची गोळी सुटली की परत बोलावता येत नाही. यात दया होती तसा हिशेबही होता. आज माय वाचली तर उद्या कळप राहील.

आपल्या धर्मातही पोटासाठी शिकार जायज आहे, नुसत्या करमणुकीसाठी जीव घेणे नाही. एका पाखराची पिल्ले सहाबांनी उचलली, तेव्हा ती परत ठेवा असे हजरत पैगंबरांनी (स.) फर्मावले, ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. हरिणीने पैगंबरांकडे दाद मागितल्याची कथा लोकप्रिय असली तरी तिची सनद जाणकारांनी कमजोर ठरवली आहे. पाखराची हदीस पुरेशी आहे.

आता दोन्ही शिकाऱ्यांचे पुढे काय झाले ते पाहा. सबुक्तगीनला पाडसाच्या बदल्यात तख्त मिळाले, असे गोष्ट सांगते. रिकाम्या पोटी हरिणी सोडणाऱ्या पारध्याला मिळाली हजेरी. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली नव्याने झाला आणि त्याची पकड देशभर पसरली. जन्माला येताच माणूस गुन्हेगार ठरू लागला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र फासेपारध्यांना जवळ केले, कामे दिली. हा कायदा रद्द झाला तो १९५२ साली. संशय मात्र कागदावरून पुसून जात नाही. जन्मावरून संशय घेतला जातो तेव्हा काय वाटते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद केली. नर, मादी, पाडस असा फरक उरला नाही, आणि तेच योग्य आहे. सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडे उभी राहिली, हरणे आली, आणि १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य झाले. तिथे आज हरिणी पाडसांसह निर्धास्त चरते.

हरिणीला कुंपणाने अभय दिले. पारध्याच्या लेकराला अजून कोणी दिलेले नाही. त्याच्या आजोबाला फास कधी सैल करायचा हे कळत होते. सबुक्तगीनचा धडा शिकवताना हा धडाही शिकवला, तर रहम हा फक्त बादशहांचा गुण नाही, हे आमच्या मुलांना कळेल.