घराची कीड आणि गावाची कीड

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले आहे. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले. तेव्हापासून कावेरीचे पाणी साधारणपणे 12 जूनला सोडावयाचे आणि 28 जानेवारीला बंद करावयाचे, असा प्रघात पडला आहे. त्यामुळे आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलतो, त्या सुमारास तिकडे नदीचे पात्र वाळूने पांढरे झालेले असते, उरलेले पाणी डबक्यांत आणि गटारांत साचते, उन्हाची तलखी वाढते, आणि घराघरांत दडलेले जीव हालचाल करू लागतात. मुंग्यांच्या रांगा निघतात, पुस्तकांच्या पेटीत कसर फिरू लागते, वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या चढवू लागते, आणि सायंकाळ झाली की डासांचे थवे ओट्यावर येतात.

या क्षुद्र जीवांना इतिहासात जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु कुंभकोणमपुरते बोलावयाचे, तर या जीवांनी तेथील इतिहासाची पाने खाल्ली आहेत आणि तेथील माणसांचे पायही जायबंदी केले आहेत. शिवाय या नगराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. व्यंकोजीराजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले, ते 1855 पर्यंत टिकले, आणि त्या काळात अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच जन्मले.

प्रथम घराकडे पाहू. तेथील जुने घर म्हणजे पुढे ओटा, मध्ये उघडा चौक आणि मागे विहीर. चौकातून ऊन आणि वारा घरभर खेळतो. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करतात. आपल्या वाड्यांतही हीच रीत होती, आणि तिच्यात मोठे शहाणपण आहे. वाळवी जमिनीतून येते. तिला ओल आणि अंधार हवा असतो. लाकूड मातीपासून तुटले, म्हणजे तिला दगडावरून उघड्यावर नळी बांधावी लागते, आणि ती नळी केरसुणी फिरविणाऱ्या गृहिणीच्या नजरेस पडते.

सण आणि आचार यांतही हाच विचार दिसतो. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, तेथे घर झाडून जुन्या चटया आणि मोडके सामान जाळतात. आपली भोगी भाजी-भाकरीची, त्यांची झाडलोटीची. वसंत लागण्यापूर्वीच किडीची घरटी मोडली जावीत, याहून चांगली योजना कोणती? दारापुढे रोज तांदळाच्या पिठाने कोलम् काढतात. मुंग्यांना त्यांचा घास दाराबाहेरच मिळावा, असा भाव त्यामागे सांगतात. चैत्रात आपण पाडव्याला कडुनिंबाचा पाला खातो; ते त्यांच्या वर्षारंभी निंबाच्या फुलांचे पच्चडी करतात. धान्यात निंबाचा पाला घालण्याची चाल तर दोहोंकडे एकच. आणि पुस्तकांच्या पेटीत वेखंड. तमिळमध्ये त्याला वसंबु म्हणतात. वेखंडातील तेलात असारोन नावाचे द्रव्य असते आणि ते किडीला बाधते, हे आता रसायनशास्त्राने दाखविले आहे.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने या घरगुती ज्ञानाला संस्थेचे रूप दिले. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी हा संग्रह वाढविला. 1918 साली तो सर्वांसाठी खुला झाला. तेथे वेखंड, काळे जिरे, दालचिनी, मिरी, लवंग आणि कापूर यांची पूड करून तिच्या पुरचुंड्या पोथ्यांशेजारी ठेवण्याची पद्धत चालत आली आहे. ताडपत्रांना गवती चहाच्या जातीचे सुगंधी तेलही लावतात. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातील चार जिनसांनी हजारो हस्तलिखिते राखली.

परंतु ज्यांना राजाश्रय नव्हता, त्या पोथ्यांचे काय झाले? याचे उत्तर कुंभकोणमच्या महाविद्यालयातील एका तमिळ पंडिताच्या आयुष्यात सापडते. उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 साली तेथे शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी तेथील मुन्सफ रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना विचारले की, आपण प्राचीन तमिळ काव्ये वाचली आहेत काय? पंडिताचे शिक्षण उत्तरकालीन ग्रंथांवर झाले होते. त्या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे गावोगावी, मठामठांत, घरांच्या माळ्यांवर ते ताडपत्रे शोधीत फिरले. कोठे वाळवीने पोथीची चाळण केलेली, तर कोठे जुनी पाने अडगळ म्हणून अग्नीत किंवा नदीत टाकलेली. जे वाचले, त्यातून त्यांनी 1887 मध्ये ‘जीवक चिंतामणि’, 1892 मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, 1894 मध्ये ‘पुरनानूरु’ आणि 1898 मध्ये ‘मणिमेखलै’ छापून प्रसिद्ध केले. एका भाषेचे प्राचीन वाङ्मय किडीच्या तोंडातून सोडविण्याचे हे कार्य बव्हंशी कुंभकोणमला बसून झाले. एका न्यायाधिकाऱ्याने कचेरीच्या कामापलीकडे दाखविलेली जिज्ञासा त्याच्या मुळाशी होती, याचे आम्हा सरकारी नोकरांना विशेष अगत्य वाटावे.

मराठीच्या बाबतीत सरफोजींनी एक दूरदृष्टीचे काम केले. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी 1803 साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. दगडाला वाळवी लागत नाही. पण घराघरांतील मोडी कागद, वहिवाटीची पत्रे, जमाखर्च आणि कीर्तनाच्या वह्या यांना दगडाचे भाग्य कोठून मिळणार? भोगीच्या अग्नीत काय टाकावे आणि काय टाकू नये, हे ओळखण्यासाठी मोडी वाचता यावी लागते. ते ज्ञान जेथे गेले, तेथे कसरीने आणि केरसुणीने मिळून इतिहास पुसला.

आता दुसऱ्या किडीकडे वळू. कावेरीकाठच्या ज्या गावांत हत्तीरोगाने पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले होते, त्यांत कुंभकोणम् एक होते. सुजलेला, जड झालेला पाय ओढीत चालणारी माणसे तेथील रस्त्यांवर नेहमीची होती. लोक त्याला दैवगती म्हणत, पाण्याचा दोष म्हणत. कारण कळावयास बराच काळ गेला. टिमोथी ल्युइस यांना 1872 साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले. चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 साली दाखविले की, हे कृमी डासाच्या शरीरात वाढतात. हे कृमी रात्रीच रक्तात वर येतात आणि त्यांचा वाहक क्यूलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून रक्तातील हे कृमी शोधावयाचे तर रक्ताचा नमुना रात्री घ्यावा लागतो.

हा डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. पावसाळ्यात गटारे वाहतात तेव्हा त्याची अंडी-अळ्या वाहून जातात. कावेरी आटली, गटारे थबकली, की त्याचे फावते. येथे घरातील सारे उपाय थिटे पडतात. वेखंडाने पोथी राखता येते. पण शेजारच्या आळीतील गटारात जन्मलेला डास वेखंडाला विचारीत नाही. कुंभकोणमला नगरपालिका 1866 पासून होती. 2021 साली तेथे महानगरपालिका झाली. गटार हा तिचा प्रांत. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 साली सुरू झाला, तेव्हा त्याचा भर अळ्या मारण्यावर आणि रोग्यांना औषध देण्यावर होता. ते औषध, डायएथिलकार्बामाझीन, अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तिचे संशोधन भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चाले. ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. 2004 पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्व लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम देशभर हाती घेण्यात आली. औषध रक्तातील कृमी मारते. परंतु एकदा हत्तीसारखा झालेला पाय पूर्वीसारखा होत नाही. म्हणून येथे प्रतिबंध हाच खरा उपचार.

या दोन हकीकतींतून एक साधा भेद ध्यानी येतो. मुंगी, कसर, वाळवी ही घराची कीड. तिच्यावर घरातील माणसाची नजर चालते. वसंतात पेट्या उघडाव्या, पोथ्या-पुस्तके सावलीत वाऱ्यावर ठेवावी, भिंतीच्या पायथ्याशी मातीची नळी दिसते का ते पाहावे, भिंत जेथे ओलावते तेथील गळती आधी बंद करावी, धान्य कडक वाळवून झाकणाच्या डब्यात भरावे, आणि विषारी फवाऱ्याला हात शेवटी घालावा. डास ही मात्र गावाची कीड. मोरीचे पाणी वाहते ठेवणे, शौचकूपाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बसविणे आणि विहीर झाकणे एवढे घरमालकाने करावे. गटार वाहते ठेवणे हे नगराचे काम, आणि ते मागणे हे नागरिकाचे.

पूर्वजांनी पहिल्या किडीशी सामना सणांच्या रूपाने बसवून दिला. दुसरीसाठी असा सण त्यांनी मागे ठेवला नाही, कारण तिचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. तेव्हा यंदा पाडव्यापूर्वी घर झाडताना माळ्यावरची जुनी मोडी कागदांची चवड केरात न टाकता जाणकाराला दाखवावी, आणि हात धुण्यापूर्वी मागच्या दाराशी जाऊन गटार वाहते आहे की नाही, तेही एकदा पाहावे.